किनाऱ्यावरून पाहिलेली आरमारी लढाई

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत लढाईचें वर्णन दहा-बारा ओळींत आटोपतें. सेनापतींचीं नांवें, सन, मृतांचा आंकडा आणि तहाचीं कलमें एवढें पाठ केलें, कीं परीक्षेपुरतें काम भागतें. परंतु ज्या मनुष्यानें ती लढाई स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली आणि त्याच आठवड्यांत घरीं पत्र लिहिलें, त्याच्या पत्रांत असें कांहीं सांपडतें कीं जें पुस्तकांत मिळत नाहीं. उलटपक्षीं, पुस्तकांतील सर्वच गोष्टी त्या पत्रांत असतात असेंही नाहीं. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हें एका प्रसिद्ध आरमारी लढाईच्या उदाहरणानें समजून घ्यावें, हा या पाठाचा हेतु आहे.

ती लढाई म्हणजे अमेरिकेंतील हॅम्प्टन रोड्स येथें ता. ८ व ९ मार्च १८६२ रोजीं झालेली लढाई होय. ती निवडण्याचें कारण असें, कीं ती झाली पाण्यावर, पण ती पाहणारे हजारों लोक किनाऱ्यावर उभे होते. आणि त्यांत पायदळाच्या शिपायांचा भरणा मोठा होता. ज्यांना समुद्राची व आरमाराची फारशी ओळख नव्हती, अशा या शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या मुलांनीं आपापल्या घरीं त्या दोन दिवसांचा वृत्तांत लिहून पाठविला.

युद्धाचें कारण व स्थळ

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. गुलामगिरीची पद्धत टिकावी म्हणून दक्षिणेकडील संस्थानें संघराज्यांतून फुटून निघालीं, आणि संघराज्य अभंग राखण्यासाठीं उत्तरेकडील सरकारनें शस्त्र उचललें. दक्षिणेची सारी संपत्ति कापसांत होती. तो परदेशीं जाऊं नये व परदेशांतून दारूगोळा येऊं नये, म्हणून अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनीं एप्रिल १८६१ मध्यें दक्षिणेच्या किनाऱ्याची नाकेबंदी पुकारली.

व्हर्जिनिया संस्थानांत जेम्स, एलिझाबेथ व नॅन्समंड या नद्या जेथें एकत्र येऊन चेसापीकच्या उपसागराकडे वळतात, त्या विस्तीर्ण पाण्यास हॅम्प्टन रोड्स म्हणतात. येथें 'रोड्स' म्हणजे रस्ते नव्हेत. जहाजांनीं नांगर टाकून राहण्याच्या जागेस खलाशी हा शब्द वापरीत. उत्तर तीरावर मन्रोचा किल्ला व न्यूपोर्ट न्यूजची छावणी उत्तरेच्या फौजेच्या हातीं होती. दक्षिणेकडील नॉरफोक शहर व तेथील गोदी बंडखोर पक्षाकडे होती. याच मन्रोच्या किल्ल्यांत मे १८६१ मध्यें तीन गुलाम पळून आले आणि तेथील सेनापति बटलर यांनीं त्यांना परत देण्याचें नाकारलें. पुढें त्यांच्या मागोमाग पुष्कळ गुलाम तेथें आश्रयास आले. तेव्हां लढाईचें मूळ कारण शिपायांच्या राहुट्यांपासून फार दूर नव्हतें.

नॉरफोकची गोदी सोडून जातांना उत्तरेच्या आरमारानें एप्रिल १८६१ मध्यें आपलें मेरिमॅक नांवाचें वाफेचें जहाज जाळून बुडविलें होतें. शत्रूनें तें वर काढलें, जळालेला वरचा भाग कापून टाकला, आणि त्या जागीं उतरत्या भिंतींचें घर उभारलें. या भिंती सुमारे दोन फूट जाड लाकडाच्या असून त्यांवर चार इंच लोखंडी पत्रा होता. नाळेला पाण्याखालीं लोखंडी चोंच बसविली, आंत दहा तोफा ठेविल्या, आणि जहाजास व्हर्जिनिया असें नवें नांव दिलें. उत्तरेचे शिपाई मात्र आपल्या पत्रांतून त्याला जुन्याच नांवानें, म्हणजे मेरिमॅक म्हणूनच संबोधीत राहिले. एका जहाजास दोन नांवें कां, याचा उलगडा येथेंच होतो : नांवावरून लिहिणारा कोणत्या पक्षाचा, हें बहुधा कळून येतें.

पहिला दिवस

ता. ८ मार्च, शनिवार. हवा स्वच्छ व पाणी शांत होतें. न्यूपोर्ट न्यूजसमोर कंबरलंड व काँग्रेस हीं उत्तरेचीं दोन शिडांचीं लढाऊ जहाजें नांगर टाकून होतीं. तो धुण्याचा दिवस असल्यामुळें खलाशांचे कपडे दोरांवर वाळत होते. दुपारीं नदीच्या मुखांतून काळा धूर दिसूं लागला, आणि मागोमाग पाण्यावर तरंगणाऱ्या कौलारू छपरासारखें कांहींतरी संथपणें पुढें येऊं लागलें. कपडे घाईघाईनें खालीं आले, नगारे वाजले, छावणींतील शिपाई धांवत तीरावर आले.

व्हर्जिनियानें काँग्रेसवर तोफा डागल्या व ती सरळ कंबरलंडवर गेली. किनाऱ्यावरील तोफखान्यानें व दोन्ही जहाजांनीं मारा केला. परंतु लोखंडावर आदळून गोळे रबराच्या चेंडूंप्रमाणें उडून जात. व्हर्जिनियाची चोंच कंबरलंडच्या कुशींत शिरली आणि तेथेंच मोडून राहिली. जहाज बुडूं लागलें. कप्तान त्या दिवशीं दुसऱ्या कामानिमित्त बाहेर असल्यामुळें लेफ्टनंट जॉर्ज मॉरिस यांच्याकडे अधिकार होता. शरण येण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. पाणी तोफांना लागेपर्यंत गोलंदाज तोफा डागीत राहिले. अखेर जहाज तळाशीं गेलें, पण डोलकाठ्यांचीं टोकें पाण्यावर राहिलीं व निशाण फडकत राहिलें. त्या जहाजावरील १२१ माणसें गेलीं.

काँग्रेसचें पुढारीपण लेफ्टनंट जोसेफ स्मिथ यांच्याकडे होतें. चोंचीच्या तडाख्यांतून वांचण्यासाठीं त्यांनीं जहाज उथळ पाण्यांत नेलें. परंतु तेथें तें रुतलें आणि शत्रूच्या गोळ्यांस सोपें सांपडलें. स्मिथ मारले गेले, शंभराहून अधिक माणसें पडलीं, आणि मागें राहिलेल्या अधिकाऱ्यांनीं पांढरें निशाण चढविलें. वॉशिंग्टन येथें त्यांचे वडील, त्याच नांवाचे कमोडोर स्मिथ, आरमार खात्यांत होते. काँग्रेसनें निशाण उतरविलें एवढें कानीं पडतांच, तर मग आपला मुलगा हयात नाहीं, असें ते म्हणाल्याचें सांगतात. मुलगा जिवंत असतांना निशाण उतरणार नाहीं, अशी त्या पित्याची खात्री होती.

पुढें जें झालें त्यांत किनाऱ्यावरील शिपायांनीं स्वतः भाग घेतला. काँग्रेसवरील कैदी ताब्यांत घेण्यासाठीं शत्रूच्या लहान बोटी आल्या, तेव्हां तीरावरील फौजेनें, ज्यांत इंडियाना संस्थानाची २० वी पलटण होती, त्यांच्यावर बंदुकांचा भडिमार केला. जहाज शरण गेलें असेल, पण आपण शरण गेलों नाहीं, असें त्यांच्या सेनापतीचें म्हणणें होतें. शत्रूचे नायक फ्रँकलिन ब्युकॅनन यांनीं संतापून काँग्रेसवर तापवून लाल केलेले गोळे सोडण्याचा हुकूम दिला. जहाज पेटलें. ब्युकॅनन यांनाही मांडींत गोळी लागली. या जळणाऱ्या काँग्रेसवर त्यांचे सख्खे बंधु मॅक्कीन ब्युकॅनन खजिनदार होते. सुदैवानें ते वांचले. यादवी म्हणजे काय, हें समजण्यास याहून दुसरें उदाहरण नको.

मिनेसोटा नांवाचें तिसरें मोठें जहाज मदतीस येतांना गाळांत रुतलें. परंतु ओहोटी लागली व अंधार पडूं लागला, म्हणून व्हर्जिनिया उद्यां उरलेलें काम करण्याच्या इराद्यानें माघारी वळली. काँग्रेस रात्रभर जळत राहिली. मध्यरात्रीनंतर आग दारूच्या कोठारास पोहोंचून तिचा स्फोट झाला.

दुसरा दिवस

त्या आगीच्या उजेडांतच रात्रीं एक विचित्र जहाज न्यूयॉर्ककडून येऊन दाखल झालें. त्याचें नांव मॉनिटर. जॉन एरिक्सन या स्वीडिश शिल्पज्ञानें त्याची योजना केली होती. ऑक्टोबर १८६१ मध्यें करार झाला आणि ३० जानेवारी १८६२ रोजीं तें पाण्यांत उतरलें. ज्या मंडळानें ही योजना मान्य केली, त्याचे प्रमुख हेच कमोडोर स्मिथ होते. मुलाचें रक्षण करण्यास बापाचें जहाज एक दिवस उशिरा पोहोंचलें.

मॉनिटरचा सपाट तळवटा पाण्याच्या जेमतेम वर होता, आणि त्यावर मध्यभागीं एक गोल बुरूज होता. बुरुजाचा आंतील व्यास वीस फूट, उंची नऊ फूट, आणि भिंत एकेक इंची आठ पत्र्यांची होती. आंत दोनच तोफा. पण बुरूज वाफेच्या जोरानें फिरत असल्यामुळें जहाज न वळवितां त्या हव्या त्या दिशेस रोखतां येत. पाहणाऱ्यांनीं त्याला तराफ्यावर ठेवलेल्या डब्याची उपमा दिली.

रविवारीं सकाळीं व्हर्जिनिया मिनेसोटाचा निकाल लावण्यास आली, तों हा तराफा मध्यें आडवा आला. सुमारे चार तास दोन्ही जहाजें एकमेकांस घासतील इतक्या जवळून लढलीं. एकाचेंही चिलखत दुसऱ्यास फोडतां आलें नाहीं. दुपारच्या सुमारास दोघेही दूर झाले. मिनेसोटा वांचली.

किनाऱ्यावरून काय दिसलें नाहीं

येथवरचा बहुतेक भाग तीरावरील शिपायास दिसला. आतां त्यास न दिसलेल्या गोष्टी पाहूं.

त्यास धूर दिसला, पण धुराच्या आंतील माणसें दिसलीं नाहींत. मॉनिटरवरील लेफ्टनंट सॅम्युएल डेना ग्रीन हा अवघ्या २२ वर्षांचा अधिकारी तोफांवर होता. लढाईनंतर पांच दिवसांनीं त्यानें आपल्या आईला पत्र लिहिलें. सारें अंग दारूच्या धुरानें काळें झालेलें, डोळ्यांस झोंप नाहीं, आणि विजेचे झटके बसावेत तसे स्नायु उडताहेत, अशी आपली अवस्था त्यानें तींत कळविली. जहाजाचा खजिनदार विल्यम कीलर यानें पत्नीस लिहिलेलीं पत्रेंही उपलब्ध आहेत. सुकाणूघर व बुरूज यांमधील बोलण्याची नळी निकामी झाल्यामुळें या गृहस्थास कप्तानाचे हुकूम धांवत जाऊन बुरुजांत पोहोंचवावे लागले. तीरावरून अजिंक्य भासणाऱ्या त्या यंत्राच्या पोटांत हिशेबाचा मनुष्य निरोप्याचें काम करीत होता.

तसेंच गोळे कां फुटून जात, याचें खरें कारणही तीरावरून कळण्याजोगें नव्हतें. व्हर्जिनियानें लाकडी जहाजांशीं गांठ पडेल असें समजून पोकळ, फुटणारे गोळे बरोबर घेतले होते. चिलखत भेदणारे भरीव गोळे तिच्यापाशीं जवळ जवळ नव्हतेच. उलट मॉनिटरच्या तोफांत एका वेळीं १५ पौंडांहून अधिक दारू भरूं नये अशी सक्त आज्ञा होती. पुढें त्याच जातीच्या तोफा दुप्पट दारू सहन करतात असें आढळून आलें. म्हणजे बरोबरीच्या या सामन्यांत लोखंडाच्या बळाइतकाच सावधगिरीच्या हुकुमाचा वांटा होता.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटची. दुपारीं मॉनिटरच्या सुकाणूघरावर गोळा फुटून कप्तान जॉन वर्डन यांच्या डोळ्यांस जबर इजा झाली. त्या गोंधळांत मॉनिटर उथळ पाण्याकडे सरलें. व्हर्जिनियावरील लोकांस वाटलें, शत्रूनें माघार घेतली. शिवाय ओहोटी लागलेली व जहाजांत पाणी येत असलेलें, म्हणून तेही परतले. इकडे ग्रीन सूत्रें हातीं घेऊन पुन्हां पुढें येतो, तों व्हर्जिनिया पाठ फिरवून चाललेली दिसली. त्यांस वाटलें, शत्रु पळाला.

दोन पत्रें, दोन निकाल

यामुळें झालें असें, कीं उत्तर तीरावरील शिपायानें घरीं लिहिलें, आपला जय झाला. आणि दक्षिण तीरावरील शिपायानेंही घरीं लिहिलें, आपलाच जय झाला. बोटींवरील गोळीबार एकाच्या पत्रांत शौर्य, तर दुसऱ्याच्या पत्रांत पांढऱ्या निशाणाचा विश्वासघात ठरला. यांपैकीं कोणी खोटें बोलला काय? बहुधा नाहीं. प्रत्येकानें आपल्या जागेवरून दिसलें तें प्रामाणिकपणें लिहिलें. परंतु 'शत्रूचें जहाज परतलें' हें पाहिलेलें आहे, आणि 'शत्रु भिऊन परतला' हें मानलेलें आहे. एकाच वाक्यांत हीं दोन्हीं अशीं बेमालूम मिसळतात, कीं लिहिणाऱ्यासही तीं वेगळीं भासत नाहींत.

म्हणून विद्यार्थ्यांनीं असें पत्र वाचतांना चार प्रश्न मनाशीं धरावेत. लिहिणारा कोठें उभा होता? त्यानें पाहिलें काय आणि इतरांकडून ऐकलें काय? त्यानें तें किती दिवसांनीं लिहिलें? आणि तें कोणासाठीं लिहिलें? आईला लिहिणारा मुलगा स्वतःची भीति पुष्कळदां झांकतो. मित्राला लिहिणारा कधीं कधीं पराक्रम वाढवितो. या चार प्रश्नांच्या चाळणींतून गेल्यावर जें उरतें, तें इतिहासाचें अस्सल धान्य होय. कंबरलंडचें निशाण पाण्यावर राहिलें, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या पाहणाऱ्यांनीं मान्य केली. शत्रूनेंही त्या खलाशांची वाखाणणी केली. ज्या गोष्टीविषयीं दोन्ही तीरांचें एकमत असतें, तिच्यावर इतिहासकार निर्धास्तपणें पाय ठेवतो.

याबरोबर आणखी एक जपावें. तीरावरील कित्येकांस वाटलें, कीं चिलखती जहाज जगांत प्रथमच अवतरलें. वस्तुतः फ्रान्सचें ग्ल्वार १८५९ सालीं पाण्यांत उतरलें होतें, आणि इंग्लंडचें वॉरियर १८६१ मध्यें सेवेंत दाखल झालें होतें. हॅम्प्टन रोड्सचें नवेपण एवढेंच, कीं चिलखती जहाजांची एकमेकांशीं गांठ येथें प्रथम पडली. म्हणजे पत्र भावनेस खरें असलें, तरी त्यांतील 'सर्वांत पहिलें' व 'सर्वांत मोठें' हे शब्द ताडून पाहावे लागतात.

त्या लढाईचे धागे

दोन्ही जहाजांचा शेवट त्याच वर्षीं झाला. नॉरफोक सोडावें लागल्यामुळें दक्षिणेच्या खलाशांनीं ११ मे १८६२ रोजीं व्हर्जिनिया स्वतःच उडवून दिली. मॉनिटर ३१ डिसेंबरला हॅटेरासच्या भूशिराजवळ वादळांत बुडालें व त्यावरील १६ जण गेले. १९७३ सालीं त्याचा सांगाडा समुद्रतळीं सांपडला, २००२ मध्यें तो फिरता बुरूज वर काढण्यांत आला, आणि त्यांत सांपडलेल्या दोन खलाशांच्या अस्थींस २०१३ सालीं लष्करी इतमामानें मूठमाती देण्यांत आली. त्यांच्या घरच्यांस त्यांचें पुढचें पत्र आलेंच नाहीं.

ही लढाई आपणांस वाटते तितकी परकी नाहीं. व्हर्जिनियाला नाकेबंदी मोडतां आली नाहीं. अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि त्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. खानदेश, वऱ्हाड व गुजराथ येथील कापसाचे भाव भडकले. मुंबईंत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो डोलारा कोसळला. त्या तेजींत पुढें आलेले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्याच देणगींतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागवानी लांकडाचीं जीं नामांकित लढाऊ जहाजें बांधलीं, त्यांचाही जमाना याच काळांत लोखंडापुढें मावळला. १८१७ सालीं तेथें बांधलेलें त्रिंकोमाली हें जहाज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें जतन करून ठेविलें आहे.

उपसंहार

गेल्या शतकांतील दोन्ही महायुद्धांत महाराष्ट्रांतील अनेक गांवचे शिपाई मेसोपोटेमिया, आफ्रिका व इटली येथवर लढले. त्यांचीं पत्रें कांहीं घरांतील जुन्या पेट्यांत असतील. पालकांस विनंती अशी, कीं तीं कागद जुने झाले म्हणून टाकूं नयेत. मुलांकडून त्यांची स्वच्छ नक्कल करवून घ्यावी, व पत्रावरील तारीख आणि गांव न विसरतां लिहून ठेवावें.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस कधीं मोठी घटना पाहण्याचा प्रसंग आला, मग ती पूर असो, आग असो वा एखादी सभा असो, तर त्याच दिवशीं चार ओळी लिहा. 'मीं हें पाहिलें' आणि 'मीं हें ऐकलें' या दोन गोष्टी निरनिराळ्या परिच्छेदांत ठेवा. साक्ष देणाऱ्यानें खरें बोलावें, ही शिकवण आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. तिचा खरा अभ्यास कागद व लेखणी हातीं घेतल्यावरच घडतो. कंबरलंडवरील माणसांना पत्र लिहिण्यास वेळ मिळाला नाहीं. त्यांचें धैर्य आज आपणांस ठाऊक आहे, तें तीरावर उभें राहून कोणीतरी तें पाहिलें आणि घरीं नीट लिहून कळविलें म्हणून.